उडायचंय? मग आधी डोंगर चढा

ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांनी निवांत चहा घ्या. जे इयरफोन घरी विसरून लोकलमध्ये किंवा पीएमटीत लटकतायत, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना माझं जे "अं... म्हणजे..." होतं ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजच्या इतिहासात तलवारी नाहीत, तह नाहीत. आज डोंगर आहे, वारा आहे आणि कापड आहे. आणि सुरुवात एका भांडणाने आहे. भांडण मी केलं होतं आणि चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसातले आम्ही चौघं पॅराग्लायडिंगसाठी हिमाचलला गेलो. आईला फोनवर म्हटलं, "बीरला चाललोय." ती म्हणाली, "बीडला? तिथे कोण आहे आपलं?" तर बीड नाही, बीर. कांगडा जिल्ह्यातलं गाव. दिल्लीहून रात्रभर बसने गेलं की सकाळी डोळे चोळत उतरायचं, समोर धौलाधारची भिंत उभी असते. बीर म्हणजे उतरायची जागा. उडायची जागा वर, बिलिंगला. रस्ता साधारण १४ किलोमीटर, आणि बिलिंगची उंची सुमारे २४०० मीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे. म्हणजे तुम्ही कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहिलात तरी बिलिंग तुमच्या डोक्यावर साडेसातशे मीटर.

जीपच्या टपावर ग्लायडरच्या मोठमोठ्या पिशव्या बांधलेल्या, आत आम्ही कोंबलेले. चीड, देवदार, वळण, पुन्हा वळण. एका वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. ड्रायव्हरने हॉर्नला हात लावला नाही, सरळ इंजिन बंद केलं. हे गद्दी मेंढपाळ. उन्हाळ्यात कळप घेऊन बिलिंगवरून थमसर खिंडीकडे चढायचं, पलीकडे बडा भंगालच्या कुरणांत जायचं, थंडीच्या आधी खाली यायचं. पॅराग्लायडरवाले इथे यायच्या कितीतरी आधीपासून हा डोंगर त्यांच्या पायाखालचा आहे. कुठला ढग बघून पाय उचलायचा आणि कुठला बघून थांबायचं, ही विद्या या डोंगरावर जुनीच आहे.

मला मात्र तेव्हा यातलं काही सुचत नव्हतं. मी घड्याळ बघत होतो. रात्रीची परतीची बस होती.

वर पोहोचलो. गवताचा उतार, दोन-चार टपऱ्या, मॅगीचा वास, आणि काठीला बांधलेली कापडी नळी, म्हणजे विंडसॉक. आमच्या पायलटने गवताचं एक पातं तोडलं, हवेत सोडलं, बघितलं आणि खाली बसला. अर्धा तास गेला. पुन्हा पातं, पुन्हा खाली बसला. मागच्या धारेवर ढग जमायला लागले होते. साडेबाराच्या सुमारास तो म्हणाला, "सर, आज नहीं होगा. हवा पीछे से है."

आणि मी सुरू झालो. एवढ्या लांबून आलोय, रात्रीची बस आहे, तासाभरापूर्वी ते दोघं उडाले ते कसे? कोडमध्ये बग नसताना रिलीज अडवणाऱ्या माणसाशी बोलावं तसा मी त्याच्याशी बोललो. तो शांतपणे म्हणाला, "पैसे वापस ले लो, सर." आणि ग्लायडर घडी करायला लागला.

आम्ही जीपने खाली आलो. मित्राने तिकिटं बदलली. मी खोलीत फुरंगटून पडलो आणि मोबाइलवर वाचायला लागलो, की ही डोंगरावरून उडायची भानगड मुळात सुरू केली कुणी? रात्री दोनपर्यंत वाचत होतो. आजचा एपिसोड म्हणजे त्या रात्रीचं वाचन.

ज्याने स्वतःसाठी टेकडी बांधली

सुरुवात जर्मनीत करू. ऑटो लिलिएंथाल. जन्म १८४८. आपल्यातलाच माणूस, म्हणजे इंजिनिअर. बर्लिनमध्ये त्याचा स्वतःचा कारखाना होता, बॉयलर आणि वाफेची इंजिनं बनवायचा. लहानपणापासून भाऊ गुस्ताव्हबरोबर करकोचे बघायचा. करकोचा पंख न हलवता इतका वेळ वर कसा राहतो, हा त्याचा प्रश्न. सिंहगडावर कांदाभजी खाताना घार आपल्यापेक्षा खाली घिरट्या घालताना दिसते ना? तेच कुतूहल. फरक एवढाच की आपण फोटो काढतो, त्याने मोजमापं घेतली. वेगवेगळ्या वक्रतेचे पंख तयार करून त्यांवर हवेचा जोर किती येतो ते मोजलं, आणि १८८९ मध्ये पुस्तक काढलं: पक्ष्यांचं उड्डाण आणि त्यावर आधारलेली माणसाची उडण्याची कला.

१८९१ पासून तो स्वतः उडायला लागला. विलोच्या काठ्या आणि कापड यांचा पंख, मध्ये हा लटकलेला. इंजिन नाही. म्हणजे वेग कुठून आणायचा? उतारावरून पळून. उंची कुठून आणायची? डोंगरावरून. उडण्यासाठी आधी चढणं भाग होतं, दुसरा मार्गच नव्हता.

पण बर्लिन सपाट. मग या माणसाने काय करावं? १८९४ मध्ये त्याने शहराजवळ लिश्टरफेल्डला स्वतःसाठी एक टेकडी रचून घेतली. उंची १५ मीटर, म्हणजे पाच मजली इमारतीएवढी. टेकडीचा आकार शंकूसारखा, चारही बाजूंनी उतार. का? कारण उडताना वारा समोरून लागतो, आणि वारा रोज दिशा बदलतो. शंकू असला की वारा कुठूनही येवो, त्याच्याकडे तोंड करून पळता येतं.

हे वाचलं आणि मी उठून बसलो. दुपारी मला जे सांगितलं होतं, "हवा पीछे से है", ते या माणसाला १८९४ मध्ये इतकं पक्कं माहीत होतं की त्यासाठी त्याने मातीचा डोंगर उभा केला. बिलिंगचा उतार कुणाच्या सोयीने फिरवता येत नाही. तिथे वारा मागून असेल तर एकच उपाय, थांबणे.

मोठ्या उड्डाणांसाठी लिलिएंथाल ऱ्हिनोच्या टेकड्यांवर जायचा. तिथे तो २५० मीटरपर्यंत तरंगत गेलाय. एकूण उड्डाणं सुमारे २०००. लोकांनी त्याचे फोटो काढले, ते जगभर छापून आले. माणूस हवेत आहे, पाय लोंबतायत, आणि खाली बघे टोप्या धरून उभे आहेत.

९ ऑगस्ट १८९६. त्याच भागातली गोलेनबर्ग टेकडी. त्या दिवशीची आधीची उड्डाणं नीट झाली होती. मग एका उड्डाणात वाऱ्याने पंखाचं नाक वर उचललं. नाक जास्त वर गेलं की पंखावरून सरळ वाहणारी हवा सुटते, आणि उचलून धरणारा जोर संपतो. याला स्टॉल म्हणतात. लिलिएंथालकडे तोल सावरायचं साधन एकच होतं, स्वतःचं शरीर. तो पाय पुढे फेकून नाक खाली आणायचा प्रयत्न करायचा. या वेळी ते पुरलं नाही. सुमारे १५ मीटरवरून तो पडला, पाठीचा कणा मोडला, आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये गेला. वय ४८.

दोन हजार वेळा नीट उतरलेला माणूस. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये म्हणतात, काल चाललं होतं म्हणून आज चालेलच असं नाही. मी हे वाक्य कॉलवर शंभर वेळा ऐकलंय. आणि त्याच दिवशी दुपारी मी स्वतः काय म्हणत होतो? "तासाभरापूर्वी ते दोघं उडाले ते कसे?"

डोंगर सुटला

लिलिएंथालच्या मृत्यूची बातमी अमेरिकेत सायकली दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी वाचली. विल्बर आणि ऑरव्हिल राइट. त्यांच्या डोक्यात तिथूनच किडा वळवळला. त्यांनी लिलिएंथालची कोष्टकं वापरून ग्लायडर बांधले. आकडे जुळेनात, तेव्हा १९०१ मध्ये स्वतःचा छोटा वायुबोगदा तयार करून नव्याने मोजमापं घेतली. आणि मुख्य म्हणजे, फक्त शरीर हलवून तोल सांभाळणं पुरत नाही, हा धडा त्यांनी घेतला. त्यांनी पंखच पिळता येईल अशी सोय केली.

तेही चढायचेच. किटी हॉकजवळच्या किल डेव्हिल हिल्स म्हणजे वाळूच्या टेकड्या. ग्लायडर वर न्यायचा, उडायचं, खाली यायचं, परत वर न्यायचा. १९०२ च्या हंगामात त्यांनी अशा शेकडो उड्या घेतल्या.

मग १९०३ मध्ये इंजिन बसवलं. १४ डिसेंबरला पहिला प्रयत्न टेकडीच्या उतारावरूनच केला. विल्बरने नाक जरा जास्तच वर उचललं, यंत्र स्टॉल झालं, खाली आदळलं. लिलिएंथालचीच चूक, पण उंची कमी, त्यामुळे माणूस वाचला. तीन दिवसांनी, दुरुस्ती करून, १७ डिसेंबरला ते सपाट जमिनीवरून उडाले. १२ सेकंद. त्या तीन दिवसांत उडणाऱ्या माणसाचा डोंगराशी असलेला संबंध सुटला म्हणायला हरकत नाही. आता चढायची गरज उरली नाही. इंजिन होतं.

इथे मला माहितीये, कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच: "दादा, आपल्या तळपद्यांनी १८९५ मध्येच गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं होतं!" शिवकर बापूजी तळपदे. मलाही ती गोष्ट शाळेत असताना कुणीतरी सांगितली होती आणि छाती फुगली होती. मुंबईचा एक मराठी माणूस त्या काळात उडण्याचा ध्यास घेतो, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा नाही. आकडे नाहीत, फोटो नाहीत, यंत्राचा आराखडा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी ही गोष्ट जोडली जाते, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये केला. त्यांचा निष्कर्ष असा, की तो ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातला आहे, आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकत नाहीत.

राग मानू नका. पण फरक बघा. लिलिएंथाल पडला, आणि तो का पडला हे लिहिलेलं होतं, म्हणून पुढचे दोघं वाचले. ज्याची नोंद नाही त्यातून पुढच्याला काहीच शिकता येत नाही, मग ते आपलं असो नाहीतर परक्याचं.

पैसे नव्हते म्हणून

पुढची साठेक वर्षं इंजिनांची. आणि मग डोंगर परत आला, तो पॅराशूटच्या वाटेने.

अमेरिकेत फ्रान्सिस रोगालो नावाच्या इंजिनिअरने बायको गर्ट्रूडबरोबर मऊ कापडी पंखाच्या पेटंटसाठी १९४८ मध्ये अर्ज केला. त्यातून पुढे हँग-ग्लायडर आले. डेव्हिड बॅरिशने अवकाशयान परत उतरवायच्या विचारातून एक कापडी पंख तयार केला आणि १९६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हंटर माउंटनच्या उतारावरून तो स्वतः उडाला. त्याला वाटलं, बर्फ नसलेल्या दिवसांत स्कीइंगच्या डोंगरांवर हा खेळ चालेल. नाही चालला. कल्पना बरोबर, पण बाजार तयार नव्हता. आमच्या स्टार्टअपवाल्या मित्रांना हे दुःख कळेल.

तिसरा माणूस डोमिना जॅल्बर्ट, पतंग बनवणारा. १९६४ मध्ये त्याने एक वेगळाच पंख पेटंटसाठी दिला. कापडाचे दोन थर, मध्ये उभ्या भिंती, म्हणजे कप्पे. पुढची कड उघडी, मागची बंद. पुढे गेलं की कप्प्यांत हवा भरते आणि मऊ कापडाचा विमानासारखा जाडसर पंख होतो. काठी नाही, सळई नाही. आज बिलिंगला गवतावर पसरलेलं असतं ते याच कल्पनेचं नातवंड.

आता फ्रान्स. आल्प्समधलं म्यूसी नावाचं गाव, साल १९७८, महिना जून. जाँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ हे तिघं पॅराशूटवाले मित्र. त्यांना हव्या त्या जागी अचूक उतरायचा सराव करायचा होता. पण प्रत्येक उडीसाठी विमान लागतं, आणि विमानाला पैसे लागतात. त्यांनी हिशोब केला: चौकोनी पॅराशूट घेऊन उतारावर जोरात पळालो तर ते हवेने भरायला हवं. मग विमान कशाला, डोंगर आहेच की!

पेर्त्युइझेच्या उतारावरून बेताँ पळाला आणि साधारण १०० मीटर उडाला. त्याच्या मागून बोन निघाला, तो तरंगत तरंगत सुमारे हजार मीटर खाली दरीतल्या फुटबॉलच्या मैदानावर जाऊन उतरला. बजेट नव्हतं म्हणून एक खेळ जन्माला आला.

फ्रेंचमध्ये या खेळाचं नाव 'पारापाँत'. पारा म्हणजे पॅराशूट, आणि पाँत म्हणजे उतार. नावातच डोंगर आहे. इंग्रजी नाव घेताना आपण तो उतार हरवून बसलो.

दहा वर्षांनी, २६ सप्टेंबर १९८८ ला, जाँ-मार्क ब्वाव्हाँ हा फ्रेंच गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावर चढला, पिशवीतून ग्लायडर काढला आणि उडून खालच्या कॅम्पवर उतरला. वर जायला किती आठवडे लागतात ते तुम्हाला माहितीये. खाली यायला त्याला बारा मिनिटंसुद्धा पुरेशी झाली.

त्याच दशकात बिलिंगला आधी हँग-ग्लायडिंग आलं, मग पॅराग्लायडिंग. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये इथे पॅराग्लायडिंग वर्ल्ड कपची फेरी झाली, भारतात पहिल्यांदाच. इथेच का, याचं उत्तर मेंढपाळांच्या डोंगरातच आहे. उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, दिवसभर ऊन खातो. तापलेल्या उतारावरची हवा वर चढते. तिला थर्मल म्हणतात. मागे धौलाधारची रांग. गिधाडं याच हवेवर गोल फिरत वर जातात, आणि पायलट गिधाडं बघून थर्मल कुठे आहे ते ओळखतात. लिलिएंथालचे करकोचे इथे गिधाडं झालेत, एवढंच. पण तीच हवा दुपारी बिघडली, ढग फुगायला लागले, की कापडाचा पंख तिच्यापुढे काहीच नाही.

दुसरा दिवस

सकाळी आम्ही परत चढलो. तीच १४ किलोमीटर, तीच वळणं. तोच पायलट. मी त्याला म्हटलं, "भैया, कल के लिए सॉरी." तो हसला, गवताचं पातं तोडलं, सोडलं. पातं आमच्याकडे आलं. तरीही त्याने पाऊण तास बसवलं. मी यावेळी घड्याळ खिशात ठेवलं होतं.

मग हेल्मेट, हार्नेस. प्रत्येक बक्कल त्याने दोनदा ओढून बघितलं. "सर, दौड़ना है. कूदना नहीं, बैठना नहीं. बस दौड़ना." मागे कापड सळसळत वर उठलं, खांद्यांना मागे खेचल्यासारखं झालं, मी तीन-चार पावलं पळालो, पाचवं पाऊल गवतावर पडलंच नाही.

खरं सांगू? मला वाटलं होतं आरडाओरडा करेन. मी गप्प झालो. पंख डोक्यावर सात-आठ मीटर उंच आणि आपण खाली लंबकासारखे लटकलेले. म्हणून तोल आपोआप सावरतो. लिलिएंथाल पंखातच अडकलेला होता, त्याला ही सोय नव्हती. पायलट वजन एका बाजूला टाकायचा, एक दोरी खेचायचा आणि आम्ही वळायचो. डावीकडे एक गिधाड आमच्याच उंचीवर होतं. त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं, आणि काही विशेष वाटलं नसावं, पुढे गेलं. खाली कालचा रस्ता दिसत होता, वळणावळणाचा, त्यावर जीप. वीसेक मिनिटांनी शेतांच्या कडेला उतरलो. गुडघे थरथरत होते.

मी पायलटला विचारलं, काल जबरदस्तीने उडालो असतो तर? तो ग्लायडर गोळा करत म्हणाला, "शायद कुछ नहीं होता, सर." जरा थांबला. "लेकिन शायद का क्या करें?"

त्याचा तो आदल्या दिवशीचा "नहीं होगा" मला एका माणसाचा हट्ट वाटला होता. पण त्या एका शब्दामागे गोलेनबर्गची टेकडी आहे, राइट बंधूंची मोडलेली फळी आहे, म्यूसीचा उतार आहे, आणि या डोंगरावरच्या मेंढपाळांनी वाट बघत काढलेल्या कितीतरी दुपारी आहेत.

तुमच्यापैकी बरेच जण कामशेतला, पाचगणीला किंवा बीरला जाल. जरूर जा. आणि वर पोहोचल्यावर कोणी म्हणालं "आज नाही", तर वाद घालू नका. मॅगी खा, डोंगर बघा, खाली या. माझ्यासारखं त्याला "काल चाललं होतं" हे सांगू नका.

आजच्यापुरतं एवढंच. तुम्हाला कधी कुणी असं अडवलंय का, आणि नंतर तेच बरोबर निघालं का, ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि आई, तू ऐकत असशील तर: बीर. बीड नाही.